अर्धा सूर चढा

झेल्फिनच्या पार्लरमधल्या तिसऱ्या ड्रायरचा पंखा बटण बंद केल्यावर पूर्ण थांबायला एकोणीस सेकंद घेतो. ओनायडा लाबॅटनं हे कधी मुद्दाम मोजलं नव्हतं. पण अकरा वर्षं दर दुसऱ्या शनिवारी त्याच खुर्चीत बसल्यावर, आणि आठवड्याचे उरलेले दिवस शहराच्या पाणी-तपासणीच्या प्रयोगशाळेत काढल्यावर, अशा गोष्टी आपोआप मोजल्या जातात. पंखा मंदावतो तसा त्याचा सूर उतरत जातो, आधी भरभर, मग रेंगाळत, आणि शेवटी पात्यांची नुसती फडफड उरते. त्या शनिवारी बाराव्या सेकंदाच्या आसपास त्या उतरत्या सुराखालून एका बाईचा आवाज वर आला. रुंद, थोडा खरखरीत, प्रत्येक ओळीच्या शेवटी किंचित टेकणारा. पंख्यामुळे तसं ऐकू येतंय, असं ओनायडाला वाटलं. मग पंखा थांबला आणि आवाज तसाच राहिला. गाणं तिनं नंतर ओळखलं. आवाज आधी ओळखला. तो तिचा होता. बत्तीस वर्षांपूर्वी एका दुपारी तो तिच्या घशातून बाहेर पडला होता, आणि त्यानंतर आजपर्यंत तिनं तो कधी ऐकला नव्हता.

गाणं सगळ्या न्यू ऑर्लिन्सला पाठ होतं. 'मंगळवारपर्यंत थांब.' लग्नात वाजायचं, दारूच्या दुकानात वाजायचं, सातव्या वॉर्डातल्या पोरी दोरीवरच्या उड्या मारताना म्हणायच्या. पण त्यांना माहीत होता तो चिमणीसारखा उंच, टुणटुणीत आवाज, 'लिटल नॅनेट' या नावानं छापलेला. हा आवाज कोणालाच माहीत नव्हता. कोपऱ्यातल्या रेडिओवर गाणं मध्येच तोडलं गेलं आणि एक परदेशी पुरुष नीट एकेक शब्द जुळवत बोलू लागला. ही मूळ टेप, तो म्हणाला, रेकॉर्ड काढणाऱ्या कंपनीच्या मालकाच्या गॅरेजमध्ये सापडली. ऐका, किती रेंगाळते. त्या दिवशी मशीन बिघडलेलं असणार. त्यामुळे मिस नॅनेटचा तो निष्पाप आवाज अगदी पोक्त, जड होऊन गेलाय. आम्ही अर्थात वेग वाढवून तो दुरुस्त करणार आहोत.

"दुरुस्त करच बाबा," झेल्फिन हातातल्या कंगव्यासकट म्हणाली. "सर्दी झाल्यासारखी वाटतेय."

"सर्दी कसली," शेजारच्या खुर्चीतली बाई म्हणाली. तिच्या डोक्याला रंग लावून ठेवला होता आणि तिला मान हलवता येत नव्हती. "माझा दीर असाच बोलतो. सकाळी, दात घासायच्या आधी."

दोघी पोट धरून हसल्या. झेल्फिननं ओनायडाच्या खांद्यावर हात ठेवला. "तुझी नॅनेट या आवाजात गायली असती ना, तर पोस्टात कारकून झाली असती."

"रोलर काढ, झेल्फिन," ओनायडा म्हणाली. "मला उशीर होतोय."

तिला उशीर होत नव्हता. मावसबहिणीकडे, नॅनेटकडे, दोन वाजता जायचं होतं आणि आता एक वाजून दहा मिनिटं झाली होती. हा रेडिओवरचा डच माणूस, हेन्क त्याचं नाव, जुनी गाणी नव्यानं काढणारा, दोन वाजता नॅनेटकडेच येणार होता, टेप आणि मशीन घेऊन. आणि नॅनेटनं तिला मुद्दाम बोलावलं होतं, कारण 'तू शिकलेली, तू शेजारी असलीस की मला धीर येतो.' ओनायडा बाहेर पडली ती उन्हातच. सात चौक चालायचे होते. तिचा राग वर येणारा नव्हता. नदीच्या पाण्याचा नमुना उंच नळीत उभा ठेवला की गाळ जसा तळाला बसत जातो आणि वरचं पाणी दिसायला स्वच्छ होतं, तसा तो बसायचा. लोक वरचं पाणी बघायचे. प्रयोगशाळेतले लोक म्हणायचे, मिस लाबॅट कधी चिडत नाहीत. आज चालताना मात्र तिला जाणवत होतं की कोणीतरी नळी हातात धरून हलवली आहे. पोक्त. जड. बिघडलेलं. त्या माणसाच्या कानावर एकोणीस वर्षांच्या मुलीचा खरा आवाज पडला होता आणि त्याला पहिली शंका आली ती मशिनची.

एकोणीसशे सत्तावन्न. तिचे वडील, पापा अल्सीड, गिलावा करणारे. अर्ध्या शहराच्या छतांवरची प्लास्टरची फुलं त्यांच्या हातची. एका मंगळवारी परांची कोसळली आणि ते खाली आले. गुरुवारी त्यांना पुरलं. शनिवारी नॅनेटचं रेकॉर्डिंग ठरलेलं होतं, महिनाभर आधी. नॅनेट मावशीची मुलगी, पण चार वर्षांची असल्यापासून याच घरात वाढलेली, पापांना पापाच म्हणणारी. आणि दफनाच्या वेळी तिनं असा हंबरडा फोडला होता की शनिवारी तिच्या घशातून हवेशिवाय काही निघत नव्हतं. मि. गार्लंड जूकबॉक्स, नाणं टाकलं की रेकॉर्ड वाजवणाऱ्या पेट्या, भाड्यानं द्यायचे. दुकानाच्या मागच्या खोलीत त्यांनी मशीन मांडलं होतं. पाच वादक आले होते, त्यांना पुन्हा जमवणं शक्य नव्हतं. नॅनेटनं ओनायडाचा हात धरून, घोगऱ्या कुजबुजीत, सांगितलं: तू नुसती जागा धर. वाद्यं तरी होऊन जाऊ देत. माझा घसा सुटला की मी वरून पुन्हा म्हणेन. म्हणून ओनायडा, जी कॉलेजात रसायन शिकत होती आणि चर्चच्या मागच्या रांगेत उभी राहून गायची, मायक्रोफोनसमोर जागा धरायला उभी राहिली. एकदाच म्हटलं. संपल्यावर ड्रम वाजवणारा माणूस काठ्या मांडीवर ठेवून बराच वेळ खाली बघत राहिला होता.

पुन्हा म्हणणं कधी झालंच नाही. मि. गार्लंडनी टेप दहा वेळा ऐकली, नॅनेटला बघितलं, तिचा पिवळा झालरीचा फ्रॉक बघितला, आणि म्हणाले, गाणं हेच, पोरगी ही. मग त्यांनी मशिनच्या फिरत्या दांडीवर चिकटपट्टीचे वेढे घातले. दांडी जाड झाली, टेप भरभर धावू लागली, सगळं अर्ध्या सुरानं चढलं. पियानो खेळण्यातला वाटू लागला, ड्रमची ती जड, मागे झुकणारी चाल पळू लागली, आणि ओनायडाच्या जागी कोणी सतरा वर्षांची चिमणी बोलू लागली. नॅनेट तशी गाऊ शकत होती. नाचाच्या हॉलमध्ये ती ते गाणं अगदी रेकॉर्डसारखं म्हणायची. आणि ओनायडानं होकार दिला होता. हे तिनं स्वतःपासून कधी लपवलं नाही. आईला पोटच्या मुलीनं ते संगीत गायलेलं चालणार नव्हतं, पापांना जाऊन आठवडाही झाला नव्हता, आणि जूकबॉक्सवर गाणाऱ्या मुलीची शिष्यवृत्ती कॉलेजनं एका दिवसात काढून घेतली असती. नाव नको, हे तिला तेव्हा हवंच होतं. तिनं नाव सोडलं होतं. आवाज सोडला नव्हता. तो आपल्याकडून जातोय हे तिला तेव्हा कळलंच नाही.

पुढे ती प्रत्येक रेकॉर्ड विकत घेत गेली. कपाटात, जुन्या प्रयोगवह्यांच्या मागे, ओळीनं उभ्या. पहिली लाखेची, जाड, जूकबॉक्सच्या मोठ्या कर्ण्यासाठी कापलेली. तिच्यात खर्जाचा बास एवढा की खिडकीची काच थरथरायची, आणि त्या बासमध्ये तिच्या घशाचा थोडा तरी अंश उरला होता. लांबी दोन मिनिटं बत्तीस सेकंद. मग छोटी प्लास्टिकची, पोरांच्या खिशातल्या रेडिओंसाठी. बास गेला, सगळं वरच्या पट्टीत चमकायला लागलं. चौसष्टमध्ये मोठ्या तबकडीवर आलं तेव्हा कोणीतरी त्याला विहिरीत टाकल्यासारखा प्रतिध्वनी जोडला होता. एकाहत्तरमध्ये टाळ्या आणि व्हायोलिनं चिकटवली आणि वेग आणखी वाढवला: दोन मिनिटं एकोणतीस. तिनं प्रयोगशाळेचं घड्याळ घरी आणून मोजलं होतं. तिचे केस पिकत गेले आणि रेकॉर्ड दर खेपेला तरुण होत गेली. शहराचाही सूर असाच बदलत गेला होता, आधी अंगानं ऐकायचं संगीत होतं, मग कानानं, मग गाडीच्या खिडकीतून. त्याबद्दल तिची तक्रार नव्हती. पण शहराच्या बदलत्या सुराला कोणी 'दुरुस्ती' म्हणत नव्हतं.

आई चार वर्षांपूर्वी गेली. त्या आठवड्यात, आईचे कपडे चर्चच्या पेटीत भरताना, ओनायडानं ठरवलं होतं की आता सांगायचं. मग नॅनेटच्या गुडघ्याचं ऑपरेशन आलं. मग वसंतातल्या फेस्टिव्हलमध्ये नॅनेटला दुपारच्या चार वाजताची जागा मिळाली, इतक्या वर्षांत पहिल्यांदा मोठ्या मंचावर. मग नॅनेटचा नवरा गेला. सांगू नये असं दर वर्षी काही ना काही निघालं, आणि दर वर्षी ते कारण खरंच असायचं, हे जास्त वाईट होतं. आता ही नवी चकती, सीडी, चांदीसारखी, जिच्यावर सुई टेकत नाही आणि जी म्हणे झिजत नाही. हेन्कनं फोनवर नॅनेटला सांगितलं होतं, सोमवारी टेप कारखान्यात जाणार. एकदा वेग पक्का झाला की तोच जगभर जाईल, कायमचा. आणि टेप परत गॅरेजमध्ये जाणार नव्हती. हॉलंडमध्ये कुठल्यातरी तळघरात, बिघडलेली म्हणून चिठ्ठी लावून.

नॅनेट स्वयंपाकघरात होती. काठी फ्रिजला टेकवलेली, अंगावर फुलाफुलांचा झगा, हाताशी खेकड्याचं सारण. फ्रिजवर फेस्टिव्हलचं पोस्टर.

"ये, ओनी. केस छान झालेत," ती म्हणाली. "मागे एक रोलर तसाच राहिलाय. नवी फॅशन आहे का?"

ओनायडानं मागे हात नेला. खरंच होता. तिनं तो काढून टेबलावर ठेवला.

"रेडिओ ऐकलास? काय लावलं होतं त्या पोरानं. मला वाटलं वरच्या मजल्यावर कोणी पलंग सरकवतंय. म्हटलं, बेबी, हा माझा आवाज? माझ्या आवाजाची काय दशा केलीस?"

स्वयंपाकघरात त्या दोघीच होत्या. कोणी ऐकत नव्हतं. कोणासाठी सोंग आणायची गरज नव्हती. आणि नॅनेट सहज, सारण भरता भरता, माझा म्हणाली होती. हे आधी कधी झालं होतं का, ओनायडा आठवू लागली. पूर्वी दोघीच असल्या की नॅनेट 'ते गाणं' म्हणायची. मग कधीतरी 'आपलं गाणं'. माझं कधी झालं, ते वर्ष तिला सापडेना, आणि तारीख सापडत नाही याचाच तिला संताप आला. निदान नोंद तरी ठेवायला हवी होती.

"तो तुझा आवाज नव्हता," ती म्हणाली.

"तेच तर म्हणतेय मी," नॅनेट म्हणाली. "कॉफी घे. आणि ते तोंड जरा सरळ कर, पाहुणा येतोय."

हेन्क आला तो घामानं निथळत, एका हातात मशीन, दुसऱ्या हातात टेपचा चपटा डबा बाळासारखा धरून. तिशीचा असेल. नॅनेटला बघून तो हातातलं खाली ठेवायलाच विसरला. चौदाव्या वर्षी त्यानं ते गाणं पहिल्यांदा ऐकलं होतं, तेव्हापासून रोज ऐकत होता. त्याला रेकॉर्डवरचे नंबर पाठ होते, छपाईच्या तारखा पाठ होत्या, कोणत्या प्रतीवर कोणता ओरखडा तेही. नॅनेटनं त्याला दोन भरलेले खेकडे वाढले आणि 'खा रे बाबा, तुमच्या देशात बायका जेवायला घालत नाहीत वाटतं' म्हणून तिसरा वाढला. त्यानं छोटा टेपरेकॉर्डर टेबलावर ठेवून चालू केला, चकतीबरोबरच्या पुस्तिकेसाठी, आणि एक कागद पुढे केला. मिस नॅनेटनं एवढंच सही करून द्यायचं होतं की रेकॉर्डवरचा वेग बरोबर आहे आणि टेपवरचा चूक.

"चष्मा कुठाय माझा," नॅनेट म्हणाली, आणि झग्याच्या खिशातून तो काढून डोळ्यांवर चढवला.

ओनायडा त्या कागदाकडे बघत होती. सांगायची वेळ हीच होती, हे तिला स्पष्ट दिसत होतं. पण तेवढ्यात तिला एक मधली वाट सुचली. आवाज वाचवायचा, नाव राहू दे. मोजमापानं बोलायचं, त्यात कोणालाच दुखवावं लागत नाही. तिला स्वतःचा अभिमानही वाटला, क्षणभर.

"सही करण्याआधी एक बघा," ती म्हणाली. "गाणं सुरू होण्याआधी टेपवर तीन-चार सेकंद रिकामे असणार. त्यात घरघर असणार. विजेची. या देशात वीज सेकंदाला साठ वेळा हेलकावे घेते, तेव्हाही घ्यायची. मशीन त्या दिवशी बिघडलं असेल, तर टेपवरची घरघर साठाच्या खाली भरेल, सत्तावन्नच्या आसपास. नीट असेल तर साठ भरेल. मोजायला काही आहे का तुमच्याकडे?"

हेन्ककडे सूर मोजायची छोटी पेटी होती. त्याचा हात खिशाकडे जाता जाता थांबला. "पण माझ्या मशिनचीही घरघर असणार."

"म्हणून आधी वेगाचं बटण थोडं फिरवा. सूर हलला तर घरघर टेपमधली आहे."

त्यानं फिरवलं. सूर हलला. बटण जागेवर आणून त्यानं आवाज वाढवला. स्वयंपाकघरभर जाड, सपाट गुणगुण भरली. बत्तीस वर्षांपूर्वीच्या खोलीतली वीज. पेटीवरचा काटा साठावर जाऊन उभा राहिला. हेन्कनं खिशातून कागद काढून गणित केलं, खोडलं, पुन्हा केलं.

"म्हणजे टेप बरोबर आहे," तो हळू म्हणाला. "रेकॉर्डच चढी आहे. बत्तीस वर्षं आम्ही सगळे..." तो उठून उभा राहिला, परत बसला. त्याचे डोळे भरून आले होते, आणि ते अश्रू खोटे नव्हते. त्यानं गाणं लावलं. पूर्ण. दोन मिनिटं एकेचाळीस सेकंद. या वेळी कोणी हसलं नाही. ओनायडा टेबलाची कड धरून बसली. हा आवाज कुठेच घाई करत नव्हता. 'थांब' म्हणताना तो विनवणी करत नव्हता. जाणाऱ्याला आता कोणी थांबवू शकत नाही हे त्याला माहीत होतं, आणि तरीही तो म्हणत होता. रेकॉर्डवर हीच ओळ लाडीगोडी वाटायची.

गाणं संपलं तेव्हा हेन्क नॅनेटकडे वळला. तिच्याकडे तो आता वेगळ्याच नजरेनं बघत होता, देवघरात बघावं तसं.

"मिस नॅनेट," तो म्हणाला, "तुमचा खरा आवाज हा होता. हा कुठून आला? तुम्ही तेव्हा अठराच्या होता."

टेबलावर टेपरेकॉर्डर चालूच होता. ओनायडा नॅनेटच्या ओठांकडे बघत होती. एवढ्या वर्षांत तिनं नॅनेटकडे काहीही मागितलं नव्हतं. आत्ता मागत होती. नॅनेटनं चष्मा काढला, झग्याला पुसला. तिला वेळ लागला, आणि तेवढ्या वेळात ओनायडाला खरंच वाटलं की ती सांगेल.

"आम्ही पापांना गुरुवारी पुरलं होतं, बेबी," नॅनेट म्हणाली. "शनिवारी मी गायले. मला वाटलं नव्हतं मला जमेल. मग मी त्यांचे कामाचे बूट घातले. मोठे व्हायचे मला, आत कागद कोंबला. प्लास्टर होतं अजून त्यांच्यात, बोटांना लागत होतं. ते घालून उभी राहिले आणि म्हटलं. तेच ऐकू येतंय तुला."

ती रडत होती. खरं रडत होती.

बूट त्या दिवशी ओनायडाच्या पायात होते. उजव्यात वर्तमानपत्राचं पान, डाव्यात चर्चचं पत्रक. दुसऱ्या ओळीला तिनं अंगठा दाबला होता आणि प्लास्टरचा खडा नखाखाली गेला होता. हे तिनं एकाच माणसाला सांगितलं होतं, त्याच रात्री, एका पलंगावर, अंधारात, घसा बसलेल्या नॅनेटला. तिला समजलं ते असं, पायरी पायरीनं, एखादा प्रयोग कुठे फसला ते शोधावं तसं: पूर्वी नॅनेटकडे तिचं फक्त खोटं होतं, अर्ध्या सुरानं चढवलेलं, चिमणीसारखं; खरं टेपवर शाबूत होतं. मधली वाट काढून, मोजमापाच्या आड लपून, तिनं आत्ता स्वतःच्या हातानं खरंही नॅनेटच्या पदरात टाकलं होतं. आवाज, पापा, बूट, सगळं. आणि सोमवारी ते कारखान्यात जाणार होतं. तिला नॅनेटचा राग आला, मि. गार्लंडचा आला, या भोळ्या पोराचा आला ज्याला साठ आणि सत्तावन्नमधला फरक कळत होता पण समोर बसलेल्या दोन बायकांमधला कळत नव्हता. आणि सगळ्यांत जास्त राग आला तो त्या शांत, शिकलेल्या, कधी न चिडणाऱ्या मिस लाबॅटचा, जिनं बत्तीस वर्षं दर वेळी खरं कारण शोधून काढलं होतं.

"सुंदर," हेन्क पुटपुटत होता. त्यानं जुना कागद फाडला होता आणि नव्यावर भराभर लिहीत होता. "हे पुस्तिकेच्या पहिल्या पानावर. बुटांचं. मिस नॅनेट, इथे सही."

नॅनेटनं पेन घेतलं. मग तिची नजर वर आली आणि ओनायडाच्या चेहऱ्यावर थांबली.

"ओनी," ती अगदी खालच्या आवाजात म्हणाली. "नको. माझ्याकडे दुसरं काही नाहीये."

"मला माहीत आहे," ओनायडा म्हणाली. तिनं नॅनेटच्या बोटांतून पेन काढून घेतलं, जोरानं नाही, आणि हेन्ककडे वळली. "तो टेपरेकॉर्डर चालू आहे ना? चालूच ठेवा. ते गाणं हिनं म्हटलेलं नाही. मी म्हटलंय."